चक्रीय चौकोनातील अज्ञात कोन : कंसाचे माप कोठून आले?

चक्रीय चौकोनाच्या, म्हणजे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असलेल्या चौकोनाच्या, संमुख कोनांच्या मापांची बेरीज 180 अंश असते, हे मुंबईतील कोणत्याही माध्यमाच्या दहावीच्या विद्यार्थ्याला माहीत असते. मात्र त्या विधानाकडे नेणारी सिद्धता आज ज्या वाटेने शिकवली जाते ती फार जुनी नाही, आणि ती निवडण्याचा निर्णय वाटतो तितका साधा नव्हता.

इ.स. पूर्व 300 च्या सुमारास रचलेल्या ग्रीक भूमितीग्रंथात हे प्रमेय तिसऱ्या भागात येते. तेथे चौकोनाचे दोन्ही कर्ण काढून, एकाच वर्तुळखंडातील (जीवा आणि कंस यांमधील भागातील) कोन समान असतात आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोन असते, या दोन गोष्टींवरून निष्कर्ष काढला आहे. भारतीय परंपरेचा भर वेगळा होता. इ.स. 628 मधील ग्रंथात चारही बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र आहे, कर्णांचा विचार आहे, परंतु शिरोबिंदूपाशी होणाऱ्या कोनाचा स्वतंत्र अभ्यास नाही. मुंबईत 1820 च्या दशकात मराठी भूमितीची पहिली शालेय पुस्तके सिद्ध झाली. 1857 साली येथे विद्यापीठ स्थापन झाल्यावर प्रवेश परीक्षेतील भूमितीही ग्रीक प्रमेयांच्याच क्रमाने शिकली जाऊ लागली.

या जुन्या मांडणीत एक अडचण दडलेली होती. एकाच कंसावर केंद्राशी होणारा कोन परिघावरील कोनाच्या दुप्पट असतो, हा वर्तुळखंडातील कोन समान असण्यामागचा आधार. पण परिघावरील कोन विशालकोन असेल तर केंद्राशी 180 अंशांपेक्षा मोठा, म्हणजे प्रविशाल कोन मानावा लागतो, आणि मूळ ग्रंथाच्या कोनाच्या कल्पनेत असा कोन बसत नव्हता. त्यामुळे लहान वर्तुळखंडाचा विचार करताना सिद्धता अपुरी राहते, असे पुढच्या भाष्यकारांनी दाखवून दिले.

विसाव्या शतकात हा प्रश्न अधिक तीव्र झाला. 1932 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाने मोजपट्टी आणि कोनमापक यांनाच गृहीतकांचे स्थान दिले, आणि 1960 च्या आसपास तेथील शालेय पुस्तकांनी कोनाचे माप 0 आणि 180 यांच्या दरम्यानच असेल, असे ठरवून टाकले. प्रविशाल कोन वर्ज्य झाल्यावर त्याचे काम कोणाकडे सोपवायचे? उत्तर निघाले ते कंसाच्या मापाचे : लघुकंसाचे (अर्धवर्तुळापेक्षा लहान कंसाचे) माप त्याच्या केंद्रीय कोनाएवढे, अर्धवर्तुळकंसाचे 180, आणि विशाल कंसाचे (अर्धवर्तुळापेक्षा मोठ्या कंसाचे) माप 360 मधून संगत लघुकंसाचे माप वजा करून येणारे. अंतर्लिखित कोनाचे (शिरोबिंदू वर्तुळावर असून बाजू वर्तुळाला छेदणाऱ्या कोनाचे) माप त्याने अंतर्खंडित केलेल्या, म्हणजे कोनाच्या आत येणाऱ्या, कंसाच्या मापाच्या निम्मे असते, एवढ्या एका विधानात मग सगळे सामावले.

एक उदाहरण घेऊ. वर्तुळाचे केंद्र 'म' आहे, कोन अमक 130 अंशांचा आहे, 'ब' हा बिंदू लघुकंसावर आणि 'ड' विशाल कंसावर आहे. कोन अडक हा 130 अंशांचा लघुकंस अंतर्खंडित करतो, म्हणून तो 65 अंशांचा. कोन अबक हा विशाल कंस अंतर्खंडित करतो. त्याचे माप 230, म्हणून कोन 115 अंशांचा. दोन कंस मिळून पूर्ण वर्तुळ, 360 चे निम्मे 180, आणि प्रमेय सिद्ध. विद्यार्थ्याची चूक होते ती नेमकी येथे : 130 ही संख्या दिसताच 'ब' पाशीही 65 लिहिले जातात, कारण कोणता कंस कोनाच्या आत येतो हे पाहिलेलेच नसते.

या निर्णयावरचा आक्षेप गंभीर आहे. कंसाचे माप स्वतः केंद्रीय कोनावरूनच ठरवलेले असल्याने हा केवळ वळसा आहे, प्रविशाल कोनच वेगळ्या नावाने परत आला आहे, शिवाय मुले माप आणि लांबी यांची गल्लत करतात, असे अनेक जुने शिक्षक म्हणत आले. आक्षेपातील शेवटचा भाग खराच आहे. एककेंद्री वर्तुळांतील असमान लांबीच्या कंसांचे माप सारखे असू शकते, हे आकृती काढून दाखवावेच लागते. तरीही ही मांडणी अधिक प्रामाणिक आहे, असे म्हणावे लागते, कारण तिच्यात लघुकंस आणि विशाल कंस यांच्यासाठी निराळ्या सिद्धता लागत नाहीत.

महाराष्ट्रात 1975 साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. राज्याच्या पुस्तकांनी कंसाच्या मापाची वाट धरली, तर केंद्रीय अभ्यासक्रमाच्या नववीच्या पुस्तकात अनेक वर्षे केंद्रीय कोन, गरजेप्रमाणे प्रविशाल कोन, हीच भाषा राहिली. दादर किंवा बोरिवलीच्या एकाच शिकवणी वर्गात दोन्ही मंडळांची मुले बसतात तेव्हा हा फरक फळ्यावर उघड दिसतो. 2018 पासूनच्या दहावीच्या पुस्तकात या प्रमेयाची सिद्धता रिकाम्या चौकटी भरून पूर्ण करायची आहे, आणि त्या चौकटींतील पहिला विचार कंसाचाच आहे. चौकट भरण्यापूर्वी तो कंस आकृतीत रंगवून घेण्याची सवय लागली, तर बाह्यकोन, स्पर्शिका आणि छेदिका यांवरील पुढची उदाहरणेही त्याच विधानावरून सुटतात.