फंडहाऊस मुंबईत, वही चेन्नईत

म्युच्युअल फंड चालवणाऱ्या कंपन्या, म्हणजे फंडहाऊस, देशात बहुतेक मोठ्या मुंबईत आहेत. कोणता शेअर घ्यायचा, कोणता रोखा विकायचा, हे तिथे ठरतं. पण तुमच्या नावावर किती युनिट आहेत, नॉमिनी कोण, पैसे कोणत्या बँक खात्यात जायचे, याची मूळ नोंद सहसा फंडहाऊसच्या कचेरीत ठेवली जात नाही. ती असते रजिस्ट्रारकडे, म्हणजे या धंद्यातल्या भाषेत ‘आरटीए’कडे. आज जवळजवळ सगळ्या म्युच्युअल फंड उद्योगाचं हे काम दोनच कंपन्या करतात, चेन्नईची कॅम्स आणि हैदराबादची केफिनटेक. परदेशी वाचकाला ही रचना विचित्र वाटेल. आपल्याकडे ती कुणी आखून केलेली नाही, गोंधळ निस्तरता निस्तरता घडत गेली.

सुरुवात 1964 ची. संसदेच्या 1963 च्या कायद्याने स्थापन झालेल्या युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाने त्या वर्षी ‘यूएस-64’ योजना आणली. एजंट, छापील अर्ज, पोस्टाने येणारी प्रमाणपत्रं आणि लाभांशाचे वॉरंट अशी सगळी कागदी यंत्रणा होती. 1988 च्या अखेरीस यूटीआयकडे 6,700 कोटी रुपये होते. तरीही रोजच्या रोज हिशोब जुळवण्याचा ताण फारसा नव्हता. यूएस-64 च्या खरेदी-विक्रीचा भाव यूटीआय स्वतः ठरवत असे. तो पोर्टफोलिओच्या बाजारमूल्याशी बांधलेला नव्हता, आणि एनएव्ही, म्हणजे बाजारमूल्यावरून निघणारी एका युनिटची किंमत, जाहीर करण्याची सक्तीही नव्हती. जो आकडा कुणाला दाखवायचा नाही, तो संध्याकाळपर्यंत तयार करायला कोण धावणार?

1987 मध्ये स्टेट बँक आणि कॅनरा बँकेचे फंड आले, 1993 मध्ये कोठारी पायोनियर हा पहिला खाजगी फंड आला. तोही तेव्हाच्या मद्रासचाच. नव्या योजनांना अर्जांचे ढीग येऊ लागले. अर्ज उघडा, चेक वटवा, नाव-पत्ता टाइप करा, सहीचा नमुना जपून ठेवा, प्रमाणपत्र छापून पोस्टात टाका. नव्या कंपन्यांना यासाठी शेकडो माणसं ठेवणं परवडणारं नव्हतं. 1988 मध्ये सुरू झालेली कॅम्स आधी सॉफ्टवेअरचं काम करत असे. नव्वदच्या दशकात ती फंडांच्या नोंदी ठेवण्याच्या कामात उतरली. हैदराबादच्या कार्वी समूहानेही हेच केलं, आजची केफिनटेक त्यातूनच आली.

त्याच काळात बाजाराची वही किती कच्ची आहे, हे एप्रिल 1992 मध्ये हर्षद मेहता प्रकरणाने उघडं पाडलं. बँका एकमेकांना सरकारी रोखे विकताना प्रत्यक्ष रोख्याऐवजी ‘बँकर्स रिसीट’ ही पावती देत. रिझर्व्ह बँकेच्या पब्लिक डेट ऑफिसातली रोख्यांची खाती हातानेच लिहिली जात. कुणाकडे खरोखर काय आहे, हे वेळेवर कळायला मार्गच नव्हता. शेअर बाजारात त्याहून वाईट अवस्था होती. सही जुळली नाही किंवा ट्रान्सफर डीड चुकलं की ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणून गठ्ठा परत यायचा. फंडांच्या बॅक-ऑफिसमधली कितीतरी माणसं फक्त ही प्रमाणपत्रं मोजण्यात आणि पाठपुरावा करण्यात गुंतलेली असत.

पुढच्या चार वर्षांत चित्र पालटलं. 1994 मध्ये एनएसईचे संगणकीय व्यवहार सुरू झाले, 1995 मध्ये बीएसईची ‘बोल्ट’ ही संगणकीय प्रणाली आली, 1996 मध्ये डिपॉझिटरी कायदा आला आणि नोव्हेंबरमध्ये शेअर कागदाऐवजी संगणकावर ठेवणारी एनएसडीएल सुरू झाली. बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने म्युच्युअल फंडांची नियमावलीही 1996 मध्येच आणली. तिच्यात कामं वाटलेली होती. देखरेख विश्वस्तांची, गुंतवणूक मालमत्ता व्यवस्थापन कंपनीची, रोख्यांचा ताबा कस्टोडियनचा.

फंडहाऊसमधल्या माहिती-व्यवस्थापनाचं मूळ, माझ्या मते, या वाटणीत आहे. रोखे कस्टोडियनच्या वहीत, युनिट आरटीएच्या वहीत, पैसे बँकेच्या वहीत आणि सौदे डीलिंग रूमच्या वहीत. चारही वह्या रोज एकमेकींशी जुळवायच्या. याला ‘रेको’ म्हणतात. संध्याकाळी आरटीएकडून दिवसभराच्या खरेदी-विक्रीची फीड, म्हणजे माहितीची फाइल, येते, कस्टोडियनकडून शिलकीची, मूल्यांकन संस्थांकडून रोख्यांच्या भावांची. त्यातून एनएव्ही निघते आणि रात्री ती फंडहाऊसच्या संघटनेच्या, म्हणजे ॲम्फीच्या, संकेतस्थळावर चढते. एखाद्या कंपनीचा बोनस शेअर नोंदवायचा राहिला किंवा एका रोख्याचा भाव कालचाच राहिला, की हजारो लोकांना चुकीच्या भावाने युनिट मिळतात. ‘टेक्नॉलॉजी’ म्हटलं की आपल्याला निर्णय घेणारे अल्गोरिदम आठवतात. फंडहाऊसचा आयटी विभाग मात्र बरीच वर्षं या चार वह्यांमध्येच अडकलेला होता, आणि बऱ्याच ठिकाणी मधल्या फटी एक्सेलने बुजवल्या जात.

रोज खरी एनएव्ही काढली नाही तर काय होतं, याचं उत्तर यूएस-64 नेच दिलं. 1998 मध्ये पहिला धक्का बसला. दीपक पारेख समितीने भाव एनएव्हीशी बांधण्याची शिफारस केली. ते होण्याआधीच जुलै 2001 मध्ये योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवावी लागली. निवृत्तीचे पैसे तिथे ठेवलेल्या मराठी मध्यमवर्गीयांच्या घरांत त्या बातमीने काय झालं, ते त्या पिढीला विचारावं. 2003 मध्ये यूटीआयचे दोन तुकडे झाले, आणि एनएव्ही नसलेली मोठी योजना ही कल्पनाच मागे पडली.

पुढचा प्रश्न होता, वहीत नाव आहे पण माणूस कोण? 2003 ते 2005 च्या आयपीओंमध्ये हजारो बनावट डिमॅट खाती वापरून शेअर लाटले गेल्याचं सेबीने 2006 मध्ये उघड केलं. त्यानंतर 2 जुलै 2007 पासून रोखे बाजारातल्या व्यवहारांसाठी पॅन हीच एकमेव ओळख ठरली. 2011 मध्ये केवायसी नोंदणी संस्थांचे नियम आले, म्हणजे एकदा दिलेली कागदपत्रं सगळीकडे चालावीत. नियम छान होता, पण मागची भरलेली माहिती तशीच राहिली. आपल्याकडची नावं बघा. फोलिओवर, म्हणजे फंडातल्या खात्यावर, माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, बँकेत मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर. त्यातून ‘जोशी’ एका ठिकाणी आयने संपतं, दुसरीकडे डबल ईने. संगणकाच्या लेखी या तीन बायका. 2024 च्या एप्रिलमध्ये जुनी केवायसी नव्या निकषांवर तपासली गेली, तेव्हा बऱ्याच जणांची खाती ‘ऑन होल्ड’ दिसू लागली. मे महिन्यात सेबीला काही अटी सैल कराव्या लागल्या.

वेळेचीही अशीच कथा आहे. बहुतेक योजनांना तीन वाजता कट-ऑफ असतो. त्याआधी आलेल्या अर्जाला त्या दिवसाचा भाव मिळतो. पूर्वी शाखेत अर्जावर वेळेचा शिक्का मारणारं यंत्र असायचं, त्यावर ओळीने क्रमांक पडत, म्हणजे मध्ये अर्ज घुसवता येऊ नये. 1 फेब्रुवारी 2021 पासून रक्कम कितीही असो, पैसे फंडाच्या खात्यात पोचल्याची वेळ धरली जाते. बँक, पेमेंट कंपनी, क्लिअरिंग कॉर्पोरेशन आणि आरटीए या साखळीत एक फाइल अर्धा तास अडकली, तरी ग्राहकाचा भाव बदलतो. महिन्याची एसआयपीची रक्कम ऑक्टोबर 2024 मध्ये पहिल्यांदा 25,000 कोटींवर गेली, म्हणजे या साखळीवरचा भार लक्षात यावा.

2013 च्या जानेवारीत वितरकाविना थेट घ्यायचे डायरेक्ट प्लॅन आले आणि त्यांची एनएव्ही वेगळी काढावी लागू लागली, हा बदल बाहेरून किरकोळ वाटला तरी प्रणालींसाठी मोठा होता. जुनं इतक्या सहज सुटत नाही, हे वितरक जाणतात. आरटीएकडून त्यांना ईमेलवर मिळणारी माहिती अजूनही ‘डीबीएफ’ प्रकारच्या फाइलीत मागवता येते. हा प्रकार ऐंशीच्या दशकातल्या डीबेस या माहितीसाठ्याच्या सॉफ्टवेअरचा.

दोन कंपन्यांकडे सगळी वही असण्याची धास्ती सेबीलाही आहे. 2 कोटींहून अधिक फोलिओ सांभाळणाऱ्या आरटीएंवर 2018 पासून जादा देखरेख आली. ऑगस्ट 2024 मध्ये सायबर सुरक्षेची एकत्रित चौकट जाहीर झाली. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर सगळी माहिती दोनच ठिकाणी असल्यामुळेच गुंतवणूकदाराला सगळ्या फंडांचं एकत्रित विवरण मिळू शकलं, आणि 2021 मध्ये दोघांना मिळून ‘एमएफ सेंट्रल’ हे सामाईक संकेतस्थळ उभारता आलं. शंभर ठिकाणी विखुरलेल्या वह्या जोडणं याहून कितीतरी अवघड गेलं असतं.

सध्याचं मोठं काम मागे वळून करायचं आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये सेबीने ‘मित्रा’ या शोधसुविधेचं परिपत्रक काढलं. दहा वर्षांत गुंतवणूकदाराकडून एकही व्यवहार झालेला नाही पण युनिट शिल्लक आहेत, असे फोलिओ तिथे शोधता येतात. जुन्या फोलिओंत अनेकदा पॅन नसतो, ईमेल नसतो, आणि पत्ता पाडून टाकलेल्या चाळीचा असतो. त्यांचे वारस सापडले तरी नाव जुळवण्यासाठी प्रतिज्ञापत्र लागतं, आणि ते आजही कागदावरच.