खेळाडूंची कार्डे व स्मृतिवस्तू : संग्रह आणि गुंतवणूक (खानदेश)

खेळाडूचे चित्र आणि कामगिरी छापलेली कार्डे, सामन्यात वापरलेल्या किंवा सही केलेल्या बॅट, चेंडू, जर्सी, तसेच तिकिटे, पदके, गदा अशा वस्तू जमवण्याचा छंद. पुढे भाव वाढेल या हिशेबाने त्यात पैसाही घातला जातो. नाव मोठे असले की गिऱ्हाईक थांबते, पण भाव ठरतो तो वस्तू अस्सल असल्याच्या पुराव्यावर आणि तिच्या आजच्या अवस्थेवर. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत या दोन्ही गोष्टी सांभाळणे जास्त कष्टाचे आहे. इथला उन्हाळा कागदाला आणि शाईला सोसत नाही, आणि खरेदी-विक्री बहुतेक ऑनलाइन होत असल्याने वस्तू हातात घेऊन पाहण्याआधीच पैसे द्यावे लागतात.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटचे पाकीट ताठ राहावे म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्यावर चित्रे छापली जाऊ लागली आणि लोक ती जमवू लागले. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ मध्ये ५० क्रिकेटपटूंचा संच काढला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सिगारेट कार्डांवर रणजितसिंहजीही दिसतात. अमेरिकेत पुढे कार्डे च्युइंगगमबरोबर येऊ लागली. भारतात १९८०च्या दशकात बिग फन बबलगममधून क्रिकेटपटूंची चित्रे मिळत. नंतर ट्रम्प कार्डे आली, आणि आयपीएल सुरू झाल्यावर टॉप्स या अमेरिकन कंपनीची क्रिकेट अटॅक्स ही कार्डे.

या बाजारातला सर्वात उपयोगी धडा अमेरिकन बेसबॉलने दिला आहे. १९५२ च्या टॉप्स संचातली न खपलेली कार्डे १९६० मध्ये पडावातून नेऊन समुद्रात टाकल्याचे कंपनीच्या साय बर्गर यांनी सांगितले होते. त्याच संचातले बेसबॉलपटू मिकी मँटलचे एक उत्तम अवस्थेतले कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. याउलट १९८०च्या दशकाच्या अखेरीस लोकांनी गुंतवणूक म्हणून खोकीच्या खोकी न उघडता ठेवली, कंपन्यांनीही भरमसाट छपाई केली, आणि त्यातली बहुसंख्य कार्डे आजही कवडीमोल आहेत. जे सगळ्यांनी जपून ठेवले ते दुर्मिळ होत नाही. आज दुकानात मिळणाऱ्या पाकिटातली साधी कार्डे लेकरांनी मनसोक्त खेळावीत. त्यांत पैसा अडकवू नये.

कार्डाची ओळख

प्रमाण कार्ड २.५ × ३.५ इंचाचे, म्हणजे ६३.५ × ८८.९ मिमी असते. जाडी ‘पॉइंट’मध्ये मोजतात, १ पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. साधे कार्ड ३५ पॉइंटच्या कडक पाकिटात बसते. जर्सीचा तुकडा बसवलेली जाड कार्डे १३० पॉइंट किंवा त्याहून मोठ्या पाकिटात जातात. जाड कार्ड लहान पाकिटात कोंबले की कोपरे दबतात.

खेळाडूच्या पदार्पणाच्या काळातल्या पहिल्या कार्डाला ‘रुकी’ म्हणतात. त्याच चित्राची वेगळ्या रंगात किंवा चकाकीत छापलेली आवृत्ती म्हणजे ‘पॅरलल’. काही कार्डांवर २५ पैकी ७ असा क्रमांक छापलेला असतो. एकूण आकडा लहान तितकी मागणी जास्त, पण खेळाडूलाच मागणी नसेल तर हा आकडा एकटा काही करत नाही. सही थेट कार्डावर आहे की चिकटवलेल्या पारदर्शक पट्टीवर, हेही पाहावे. थेट सहीला बहुधा जास्त भाव येतो. पाकिटात सहीच्या कार्डाऐवजी नुसते मागणीपत्र (जे देऊन कंपनीकडून कार्ड मागवायचे असते) निघाले तर त्याची मुदत आधी तपासावी, मुदत उलटली की ते कागद ठरते.

अवस्था आणि ग्रेडिंग

पीएसए (१९९१ पासून), एसजीसी आणि बेकेट या अमेरिकन कंपन्या कार्ड तपासून १ ते १० अंक देतात आणि ते प्लास्टिकच्या सीलबंद डबीत बंद करतात. तिला ‘स्लॅब’ म्हणतात. ९ आणि १० मधला फरक डोळ्याला जेमतेम दिसतो, पण मागणी असलेल्या कार्डाच्या भावात तो दुपटीहून जास्त पडू शकतो. म्हणून पाठवण्याआधी घरीच कठोर तपासणी करावी.

आधी छपाई मध्यावर आहे का ते पाहावे. मिमीच्या खुणांची पारदर्शक पट्टी घेऊन डावा आणि उजवा पांढरा काठ मोजावा. डावा २.२ मिमी आणि उजवा १.८ मिमी असेल तर बेरीज ४. म्हणजे प्रमाण ५५/४५. पीएसएच्या १० अंकासाठी समोरची बाजू साधारण ५५/४५ आणि मागची ७५/२५ च्या आत लागते. वर-खाली तसेच मोजावे. मग टेबललॅम्प बाजूला ठेवून कार्ड तिरपे धरावे. समोरून न दिसणारे ओरखडे, छपाईच्या रेषा आणि बोटांचे ठसे तिरप्या उजेडात उठून दिसतात. शेवटी दहापटीचे भिंग घेऊन चारही कोपरे आणि मागच्या कडा पाहाव्यात. गडद रंगाच्या कडेवर पांढरे कण दिसले तर १० ची आशा सोडावी. खोडरबर, ओले कापड किंवा पॉलिश लावून कार्ड ‘नीट’ करू नये. छेडछाड उघड झाली की कंपनी अंकच देत नाही.

कडा कापून नव्या केलेली कार्डे बाजारात आहेत. त्याच संचातल्या साध्या कार्डावर संशयित कार्ड ठेवले की अर्ध्या मिमीचा फरकही कळतो. पुनर्मुद्रण ओळखायला भिंगच लागते. जुन्या ऑफसेट छपाईत चित्र ठिपक्यांच्या नियमित नक्षीने बनते आणि काळी अक्षरे सलग शाईची असतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरेही ठिपक्यांची दिसतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे म्हणून विकले जाणारे कार्ड अतिनील दिव्याखाली निळसर-पांढरे चमकले तर घेऊ नये. कागद शुभ्र करणारी ती रसायने नंतरची आहेत.

स्लॅबचीही नक्कल होते. त्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा, आणि जिथे फोटो उपलब्ध आहे तिथे छपाईचे काठ फोटोशी ताडून पाहावेत, कारण भामटे खऱ्या स्लॅबचाच क्रमांक उचलतात. जळगावच्या सराफ बाजारात कस लावल्याशिवाय सोने घेत नाहीत. इथेही क्रमांक तपासल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

खानदेशच्या हवेत जपणूक

कागदाला १८ ते २२ अंश तापमान आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि वरच्या मजल्यावरची खोली किंवा पत्र्याचे छप्पर रात्री उशिरापर्यंत तापलेले राहते. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेले लोखंडी कपाट संग्रहासाठी सर्वात वाईट जागा. तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेले लाकडी कपाट चांगले. डबा जमिनीपासून किमान वीतभर वर ठेवावा, वाळवीसाठीही आणि पावसाच्या पाण्यासाठीही.

अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे कूलर. एप्रिल ते जून तो खोलीत ओली हवा सोडत राहतो. बाहेर कोरडी लू आणि आत कूलरची ओल, अशी रोज दोनदा हवा बदलली की चकचकीत कार्डे वाकतात. त्यांच्या समोरच्या थरात ओल शिरत नाही, पण मागचा कागद ती पिऊन फुगतो आणि दुपारी कूलर बंद पडला की आकसतो. वाकलेले कार्ड हाताने उलटे वाकवू नये, थर सुटतो. पाकिटात घालून, हवाबंद डब्यात, सपाट वजनाखाली काही आठवडे राहू द्यावे. कूलरच्या खोलीत संग्रह ठेवूच नये हे उत्तम.

पावसाळ्यासाठी साधी रचना पुरते : कार्ड आधी मऊ पातळ पाकिटात, मग टॉप-लोडर म्हणजे कडक प्लास्टिकच्या पाकिटात, आणि असे गठ्ठे रबरी कडेच्या हवाबंद डब्यात. दहा लिटरच्या डब्यात ५० ते १०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवावे, कार्डाला चिकटून नव्हे. सोबत छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा. आकडा ५५ च्या वर जाऊ लागला की जेल ओव्हनमध्ये साधारण ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येते. तो ३५ च्या खाली गेला तर जेल कमी करावे, कारण फार कोरडा कागद ठिसूळ होतो.

पाकिटे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची घ्यावीत. स्टेशनरीच्या दुकानातले वासाचे मऊ पीव्हीसी अल्बम उन्हाळ्यात घाम सुटल्यासारखे चिकट होतात आणि छपाई ओढून घेतात. डांबरगोळ्या कपाटातही ठेवू नयेत. त्यांची वाफ काही प्लास्टिकला मऊ करते. कसर टाळायची तर कपाट कोरडे ठेवणे आणि महिन्यातून एकदा उघडून पाहणे हाच उपाय.

सह्या आणि वापरलेल्या वस्तू

क्रिकेटच्या वस्तूंना मिळालेले भाव मोठे आहेत. २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातली धोनीची बॅट त्याच वर्षी लंडनमधल्या धर्मादाय लिलावात १ लाख पौंडांना गेली. शेन वॉर्नची कसोटी टोपी जानेवारी २०२० मध्ये वणवाग्रस्तांच्या मदतीसाठी १० लाख ७ हजार ५०० ऑस्ट्रेलियन डॉलरला विकली गेली. मात्र दोन्ही वस्तू थेट खेळाडूकडून आल्या होत्या, आणि चांगल्या कामासाठीचा लिलाव असला की बोली चढते. हे आकडे घरातल्या बॅटला लावू नयेत.

छोट्या बॅटवर संघाच्या सगळ्या सह्या दिसल्या तर त्या बहुधा छापील असतात. भिंगाखाली ठिपके दिसतात आणि सगळ्या सह्यांची शाई सारखीच चमकते. हाताच्या सहीत रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते, आणि एक रेघ दुसरीवरून गेलेली दिसते. यंत्राने केलेली सही ओळखायला त्याच खेळाडूच्या दोन सह्या एकमेकींवर ठेवून पाहाव्यात. तंतोतंत जुळल्या तर दोन्ही संशयास्पद. अमेरिकेत ‘ऑपरेशन बुलपेन’ या एफबीआयच्या तपासात बनावट सह्यांबरोबर बनावट प्रमाणपत्रेही सापडली होती. प्रमाणपत्र कोण देतो आहे हे पाहिल्याशिवाय त्या कागदाला अर्थ नाही.

सहीच्या बॅटला जवसाचे तेल लावू नये, शाई पसरते. जर्सी धुऊ नये. मातीचे डाग आणि उसवलेली शिवण यांवरूनच ती सामन्याच्या फोटोशी जुळवतात. घडी न घालता आम्लरहित कागदात गुंडाळावी. फ्रेम करायची तर अतिनील किरण अडवणारी काच लावावी आणि खिडकीसमोर टांगू नये. मार्करची शाई उन्हात काही महिन्यांतच फिकी पडू लागते.

हिशेब

समजा एक कार्ड ८,००० रुपयांना घेतले. ग्रेडिंग, परदेशी पाठवणी, विमा आणि परत येताना लागलेले शुल्क मिळून ४,५०० रुपये झाले. एकूण गुंतवणूक १२,५००. ते १५,००० ला विकले, संकेतस्थळाने १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये कापले, आणि पॅकिंग-कुरियरला ६०० लागले. हातात १२,४५०. खरेदीच्या जवळपास दुप्पट भाव मिळूनही ५० रुपये तोटा! म्हणून वरचा अंक मिळाल्यावर भाव निदान तिपटीच्या घरात जाईल अशीच कार्डे ग्रेडिंगला पाठवावीत. पाठवताना कस्टम्ससाठी फोटो आणि कागदपत्रे नीट करावीत. आपलीच वस्तू परत येते आहे हे दाखवता आले नाही, तर ती नवी आयात समजली जाऊ शकते.

भाव पाहताना विक्रेत्याने मागितलेली किंमत धरू नये, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या कार्डांच्या किमती पाहाव्यात, आणि एकच चढी विक्री सोडून शेवटच्या पाच-सहांचा अंदाज घ्यावा. विकायला घाई असली की भाव पडतो, त्यामुळे लग्नाचा किंवा पेरणीचा पैसा यात घालू नये. पार्सल चित्रीकरण करत उघडावे. टॉप-लोडरला सेलोटेप लावू नये, चिकटा निघत नाही. उन्हाळ्यात महागडी वस्तू मागवली तर पार्सल डिलिव्हरीच्या गाडीत दिवसभर फिरणार नाही अशी सोय करावी, जमल्यास कार्यालयातून स्वतः उचलावे. वर्षातून एखादी वस्तू विकणे आणि सतत खरेदी-विक्री करणे यांकडे प्राप्तिकर वेगळ्या नजरेने पाहतो. पावत्या जपून सीएला विचारावे.

इथल्या मातीतल्या वस्तू

खानदेशच्या संग्राहकाने परदेशी कार्डांच्या मागे धावताना घरचे विसरू नये. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले. अशा मल्लांच्या कुस्त्यांची पत्रके, दंगलीचे फलक, कबड्डी-खोखो स्पर्धांची प्रमाणपत्रे, भुसावळच्या रेल्वे क्रीडा स्पर्धांचे बिल्ले रद्दीत जातात. त्यांना आज बाजारभाव नाही, पण ते पुन्हा छापले जाणार नाहीत. पोस्टाची तिकिटेही स्वस्त आणि अस्सल सुरुवात आहे. सचिन तेंडुलकरच्या २०० व्या कसोटीच्या दिवशी, १४ नोव्हेंबर २०१३ रोजी, टपाल खात्याने त्याच्यावर तिकिटे काढली.

अशी वस्तू मिळाली की त्याच दिवशी वहीत लिहावे : कोणाकडून, कोणत्या गावी, कोणत्या स्पर्धेची, किती रुपयांना. देणाऱ्याची सही घ्यावी, शक्य असेल तर वस्तू त्याच्या हातात असतानाचा फोटो काढावा, आणि स्पर्धेच्या बातमीचे कात्रण वर्तमानपत्राच्या तारखेसह जोडावे. जुन्या वाड्यात शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची गदा किंवा ढाल सापडली तर तिला १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा लागू होऊ शकतो. त्याखाली अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून परदेशी गिऱ्हाइकाशी बोलण्याआधी पुरातत्त्व विभागाकडे चौकशी करावी.