कृष्णेच्या पाण्यात कोण कोण राहतं?

उन्हाळ्यात सांगलीजवळ कृष्णेत मेलेले मासे तरंगले की गावभर चर्चा होते, पाण्याचे नमुने घेतले जातात आणि चार दिवसांनी विषय मागे पडतो. पण बाटलीत येतं ते त्या घटकेचं पाणी. भर दुपारी पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, त्यामुळे आकडा बरा दिसतो. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन वापरतं आणि पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी उरतो. मासे गुदमरतात ते बहुधा अशा वेळी. दुपारच्या बाटलीतून हे कळत नाही. त्या पाण्यात जन्मून तिथेच वाढणारे जीव कोणते, हे पाहिलं तर कळतं.

हे जीव म्हणजे प्राणिप्लवक, प्रवाहाबरोबर वाहणारे सूक्ष्म प्राणी. ते पकडायला नायलॉनची जाळी लागते, तिची भोकं साधारण ५० ते ६० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिच्यातून शंभरेक लिटर पाणी गाळायचं आणि खाली उरलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. डोक्यावरच्या केसांची वर्तुळं फिरवत अन्न ओढणारे रोटिफर त्यात दिसतात, झटके देत पोहणाऱ्या पाणपिसवा दिसतात आणि एकाच डोळ्याचा सायक्लॉप्सही. त्याची मादी शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या घेऊन फिरते. नारूचा जंतू याच सायक्लॉप्समधून माणसाच्या पोटात जायचा. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं आणि पाणी कापडातून गाळून पिणं, अशा साध्या उपायांनी तो रोग हटला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

रोटिफरमधल्या ब्रॅकिओनस या प्राण्यावर मात्र थोडं थांबायलाच हवं. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर, अंगावर पारदर्शक कवच. त्याला खाणारा अॅस्प्लांकना हाही रोटिफरच, काचेच्या पिशवीसारखा आरपार दिसणारा. अॅस्प्लांकना आसपास असला की त्याच्या अंगातून पाण्यात उतरणारी रसायनं ब्रॅकिओनसच्या मादीला जाणवतात आणि तिची पिल्लं कवचाला लांब काटे घेऊनच जन्मतात. असं काटेरी पिल्लू शिकाऱ्याला सहज गिळता येत नाही. आईला काटे नसले तरी लेकींना असतात! १९५० च्या दशकात हे लक्षात आलं, आणि मला ते आजही थक्क करतं.

वाहत्या नदीत रोटिफरांचीच चलती असते, कारण तिथे वेळ कमी मिळतो. पाणी पुढे निघून जाण्याआधी पिढी उभी राहिली पाहिजे. उबदार पाण्यात रोटिफर दोन-तीन दिवसांत अंडी घालण्याजोगा होतो आणि एरवी त्याला नराचीही गरज पडत नाही. सायक्लॉप्सला वाढायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणून बंधाऱ्यामागे पाणी तुंबलं की सायक्लॉप्स आणि पाणपिसवा वाढतात. पावसाळ्यात गढूळ लोंढ्याबरोबर सगळेच वाहून जातात. उन्हाळ्यात संथ, उबदार पाण्यात गर्दी पुन्हा वाढते.

पण गर्दी म्हणजे आरोग्य नव्हे, आणि इथेच आपली गल्लत होते. सांगलीत शेरी नाल्याचं सांडपाणी कृष्णेला मिळतं. असं पाणी आलं की जिवाणू आणि शेवाळ माजतं, ते खाणाऱ्या ब्रॅकिओनसच्या काही मोजक्या जातींचं फावतं आणि एकूण संख्या फुगते. जातींची यादी मात्र आखूड होत जाते. स्वच्छ पाण्यातल्या नाजूक जाती आधी जातात. त्यातून उन्हाळा असेल तर आणखी कठीण, कारण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मत्स्यजीवनासाठी किमान ४ मिलिग्रॅम हवा. सांडपाण्यातली घाण कुजताना ही शिल्लक झपाट्याने संपते. अशा वेळी मॉइना ही पाणपिसू तांबूस दिसू लागते. ऑक्सिजन धरून ठेवण्यासाठी ती अंगात हिमोग्लोबिन वाढवते, आणि तिचं शरीर पारदर्शक असल्यामुळे तो रंग बाहेरूनही दिसतो. दुपारच्या आकड्याने लपवलेली पहाट त्या रंगात उघडी पडते.

रोटिफर आणि पाणपिसवा वाईट काळासाठी जाड कवचाची अंडीही घालतात. डोहांच्या गाळात ती वर्षानुवर्षं टिकतात आणि पाणी अनुकूल झालं की उबतात. २०१९ सारख्या महापुरानंतरही वस्ती पुन्हा उभी राहू शकते, त्यात या साठ्याचा मोठा वाटा असतो. वाळूसाठी तळ खरवडला की हा साठाही वाळूबरोबर ट्रकमध्ये जातो. वाळू उपशाबद्दल बोलताना हे नुकसान कुणी हिशेबात धरत नाही, याचं मला वाईट वाटतं.

जाळी आणि सूक्ष्मदर्शक ही काही महागडी यंत्रणा नाही. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना हे काम सहज जमण्यासारखं आहे. वाई, कराडचा प्रीतिसंगम, शेरी नाल्याच्या वरची आणि खालची बाजू, हरिपूरचा वारणा-कृष्णा संगम, एवढ्या जागा पुरेत. दर महिन्याला त्याच जागी, उजाडण्याआधी पाणी गाळायचं, ऑक्सिजन आणि तापमान मोजायचं आणि जातींची नावं लिहायची. वर्षभरात नाल्याखाली कोणती जात कुठल्या महिन्यात गळाली, हे त्या नोंदींतून कळेल. मासे मरायच्या आधी.