हेपटायटिस ई : प्राण्यांकडून माणसांत होणारा प्रसार

हेपटायटिस ई या विषाणूमुळे यकृताला सूज येऊन कावीळ होते. भारतात तो मुख्यतः मैलामिश्रित पाण्यातून पसरतो. मात्र त्याचे काही प्रकार डुक्कर, रानडुक्कर, हरीण अशा प्राण्यांत कायम वस्तीला असतात आणि त्यांचे कच्चे मांस, यकृत किंवा विष्ठा यांच्या संपर्कातून माणसात शिरतात. या वाटेला प्राणिजन्य प्रसार म्हणतात. कोल्हापूर परिसराने काविळीच्या साथी सोसल्या आहेत. तेथे या दोन वाटांची गल्लत होऊ देणे परवडणारे नाही, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

विषाणू. जनुकद्रव्य आरएनएचे, सुमारे ७,२०० न्यूक्लिओटाइडे (जनुकद्रव्याचे एकेक घटक) लांबीचे. रक्तात फिरताना या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असते. यकृतातून पित्तात उतरताना ते गळून पडते आणि विष्ठेतून बाहेर पडतो तो उघडा, पाण्यात तग धरणारा कण.

शोध. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची साथ आली. सुमारे २९,००० रुग्णांची नोंद झाली. ती बराच काळ हेपटायटिस ए ची समजली जात असे. जपून ठेवलेले रक्तद्रव १९८० च्या सुमारास तपासल्यावर ते मत सोडावे लागले. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी १९८३ मध्ये रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन करून हा आजार ओढवून घेतला आणि स्वतःच्याच विष्ठेत विषाणूचे कण दाखवले. अमेरिकेतील डुकरांत या विषाणूचा जवळचा भाऊबंद सापडला तो १९९७ साली. प्राणिजन्य प्रसाराची गंभीर चर्चा तेथून सुरू होते.

जनुकप्रकार. जनुकक्रमातील फरकांवरून या विषाणूचे क्रमांकित प्रकार पाडले आहेत. प्रकार १ व २ केवळ माणसात आढळतात. प्रकार ३ व ४ डुकरांत आणि रानडुकरांत मुरलेले असून माणसालाही होतात. प्रकार ७ उंटांतला. हाँगकाँगमध्ये २०१८ साली उंदरांतील दूरच्या नात्यातल्या विषाणूचीही माणसाला बाधा झाल्याचे दिसले. हे प्रकार एकमेकांपासून केव्हा फुटले याबद्दल एकमत नाही. एका गणनेनुसार त्यांचा समान पूर्वज अंदाजे ५०० ते १,३०० वर्षांपूर्वीचा असावा, परंतु अशा गणनेत गृहीतकांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे हा आकडा ढोबळच मानावा.

संक्रमणाचे मार्ग. डुकराच्या पिलांना ही बाधा बहुधा दोन-तीन महिन्यांच्या वयात होते. पिले आजारी दिसत नाहीत, पण काही आठवडे विष्ठेतून विषाणू टाकत राहतात. जपानमध्ये २००३ साली हरणाचे कच्चे मांस खाल्लेल्यांना कावीळ झाली. उरलेल्या गोठवलेल्या मांसातील आणि रुग्णांच्या रक्तातील विषाणू जुळले, तेव्हा हा मार्ग निर्विवाद ठरला. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर डुकराच्या यकृताचे न शिजवलेले सॉसेज कारणीभूत आढळले. अन्नाच्या गाभ्यापर्यंत ७१ अंश सेल्सिअस उष्णता २० मिनिटे पोचली की विषाणू निष्प्रभ होतो, असे प्रयोग सांगतात.

भारतातील वाद. भारतीय डुकरांच्या रक्तात या विषाणूविरोधी प्रतिपिंडे (बाधेनंतर शरीर बनवते ती संरक्षक प्रथिने) मोठ्या प्रमाणावर सापडतात. गुरे, कुत्रे आणि उंदीर यांच्यातही ती कमीअधिक नोंदली गेली आहेत. त्यावरून काहींनी आपल्याकडच्या साथींचे मूळ डुकरांत शोधले. यात एक अडचण आहे. सर्व प्रकारांचा रक्तगत गुणधर्म, म्हणजे प्रतिपिंडे ओळखतात ते रूप, एकच असल्याने प्रतिपिंडांवरून बाधा झाल्याचे कळते, कोणत्या प्रकाराची ते कळत नाही; त्यासाठी जनुकक्रमच वाचावा लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी तो वाचला. पश्चिम भारतातील माणसांत प्रकार १ आणि डुकरांत प्रकार ४ असल्याचे त्यांनी २००२ साली दाखवले. एकाच गावच्या मातीत दोन वेगळी कुळे नांदत होती. डुकरांना प्रकार १ ची बाधा करण्याचे प्रयोगही फसले. बालायान यांनी १९९० मध्ये मानवी विषाणू पिलांना टोचून बाधा घडवल्याचा दावा केला होता. पिलांत आधीपासूनच डुकरांचा प्रकार असावा, असे स्पष्टीकरण आता अधिक स्वीकारले जाते. प्रस्तुत नोंदीत अरणकल्ले यांच्या निष्कर्षाला अधिक वजन दिले आहे. तुरळक रुग्णाला डुकराकडून बाधा होणे मात्र त्याने अशक्य ठरत नाही.

कोल्हापूर. शहरातील जलजन्य काविळीच्या साथीचा रक्तद्रवशास्त्रीय (रक्तातील प्रतिपिंडे तपासून केलेला) अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. साथ त्याआधीची, १९८० च्या दशकाच्या प्रारंभीची. पुढे २०१२ मध्ये पंचगंगेच्या काठच्या इचलकरंजीत कावीळ पसरली आणि माणसे दगावली. ओढ्याकाठी उकिरडा उकरणारी मोकाट डुकरे डोळ्यांना दिसतात आणि ठपका पटकन त्यांच्यावर येतो. पण जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून नदीला मिळणारे सांडपाणी माणसाचे आहे, आणि गटारीलगतच्या फुटक्या नळवाहिनीत, पाणी बंद असताना, शोषले जाते तेही माणसाचेच. डुकरे हाकलल्याने ही वाट बंद होत नाही. कावीळ झालेल्याला उसाचा रस पाजण्याची रीत सर्वत्र आहे. त्यातला बर्फ कोणत्या पाण्याचा, हे विचारायला हवे.

खाद्य. तांबड्या-पांढऱ्या रश्शाचे मटण तासभर रटरटते, तेव्हा विषाणू टिकण्याचा प्रश्न येत नाही. वरून जाळलेली, आत गुलाबी राहिलेली कलेजी ही वेगळी बाब, विशेषतः ती डुकराची वा शिकारीच्या रानडुकराची असेल तर. चीनच्या युन्नान प्रांतात गाईच्या दुधात प्रकार ४ सापडल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. जर्मनीतील तपासणीत तसे आढळले नाही. तेवढ्यावरून कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीची धार काढून तिथेच पिल्या जाणाऱ्या धारोष्ण दुधाला या काविळीसाठी दोष देता येत नाही. ब्रुसेला या जिवाणूचा व क्षयाचा धोका त्याला आहेच.

आजार. बाधेनंतर २ ते १० आठवड्यांनी भूक मरते, लघवी हळदीसारखी होते, डोळे पिवळे पडतात. बहुतेक रुग्ण आपोआप बरे होतात. प्रकार १ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अतिशय घातक. अशा बाधित स्त्रियांतील मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे. प्रकार ३ अवयवरोपण झालेल्यांत जुनाट रूप धरतो.

लस. चीनमध्ये २०११ साली परवाना मिळालेली लस प्रकार १ च्या प्रथिनापासून बनवली आहे. तिच्या चाचणीच्या काळात आढळलेले रुग्ण मुख्यतः प्रकार ४ चे होते आणि तरीही तिने संरक्षण दिले.