कशेरुकी नीलाजाल

पाठीच्या कण्याभोवती व कण्याच्या पोकळीत, माकडहाडापासून कवटीच्या तळापर्यंत पसरलेले नीलांचे (हृदयाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांचे) सलग जाळे. वैद्यकात ते ‘बॅटसनचे जाल’ या नावाने अधिक ओळखले जाते. श्रोणी (ओटीपोटाची पोकळी), उदर व छातीतील नीला यांना ते मेंदूभोवतीच्या नीलाविवरांशी (मेंदूचे रक्त गोळा करणाऱ्या रुंद पोकळ्यांशी) जोडते आणि या वाटेत यकृत किंवा फुप्फुस लागत नाही. मलाशय, बृहदांत्र, प्रोस्टेट अशा अवयवांतील कर्करोगाच्या पेशी मेंदूत, विशेषतः निमस्तिष्कात (मेंदूच्या मागच्या, खालच्या लहान भागात), कशा पोचतात या चर्चेत ८० वर्षांहून अधिक काळ या जालाचे नाव घेतले जात आहे. जालाचे अस्तित्व वादातीत आहे. वाद आहे तो या भूमिकेबद्दल.

रचना

जालाचे अंतर्गत आणि बाह्य असे दोन भाग मानतात. अंतर्गत जाल कण्याच्या पोकळीत, पण दृढतानिकेच्या (मेंदू व मेरुरज्जूभोवतीच्या जाड आवरणाच्या) बाहेर, एपिड्यूरल जागेतील चरबीत असते. त्याच्या पुढच्या भागातील दोन उभ्या, रुंद नीला कशेरुकांच्या मागच्या पृष्ठभागावर, पश्च अनुदैर्ध्य बंधाच्या दोन्ही कडांनी वर जातात. प्रत्येक कशेरुकाच्या गाभ्यातील रक्त एका आडव्या नीलेतून मागे येऊन त्यांना मिळते. मागचा भाग कमानीच्या आतल्या अंगाला, पीत बंधालगत असतो. बाह्य जाल कशेरुकांच्या पुढे आणि मागील काट्यांभोवती पसरलेले असते.

दोन्ही जालांतील रक्त मज्जातंतूंच्या मुळांबरोबर छिद्रांतून बाहेर पडणाऱ्या नीलांतून निघते. पुढचा मार्ग पातळीनुसार बदलतो. मानेत ते कशेरुकी नीलेत, छातीत आंतरपर्शुकी नीलांमार्गे अ‍ॅझायगस नीलेत, कमरेत कटिनीलांमार्गे अधोमहानीलेत (पोटातून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या नीलेत; पुढे नुसते ‘महानीला’) आणि त्रिकास्थीच्या पातळीवर पार्श्व त्रिकनीलांमार्गे अंतर्गत श्रोणिनीलेत जाते. वरच्या टोकाला हे जाल कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून आत शिरून त्या छिद्राच्या कडेचे नीलाविवर, पश्चकपालविवर आणि मस्तिष्कस्तंभाच्या (मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या भागाच्या) पुढचे तलीय जाल यांना मिळते. म्हणजे निमस्तिष्क व मस्तिष्कस्तंभ ज्या कप्प्यात असतात, त्याच पश्च कपालखातात जालाचे वरचे टोक उघडते. पुढील बराचसा वाद या शेजारातून उभा राहिला आहे.

‘या जालात झडपा नसतात’ हे विधान बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते. ते अंतर्गत जालाला लागू पडते. बाह्य जालाबाबत मात्र जपून बोलावे लागते: स्ट्रिंजर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विच्छेदनात बाह्य जालाच्या काही नीलांत झडपा आढळल्या. रक्त दोन्ही दिशांनी वाहू शकते ही कल्पना त्यामुळे रद्द होत नाही, पण सर्वत्र सारख्याच मोकळेपणाने वाहू शकते असे म्हणता येत नाही.

शोधाचा इतिहास व नामकरण

कण्यालगतच्या नीलांचे त्रोटक उल्लेख १६व्या शतकातील शारीरज्ञांकडे, म्हणजे व्हेसेलियस व त्याच्या समकालीनांकडे, मिळतात असे मानले जाते. टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ च्या सुमारास या नीलांचे चित्र दिले. ही वर्णने तुकड्यातुकड्यांची आहेत. सलग संस्थेची कल्पना त्यांत दिसत नाही.

ती प्रथम झिल्बेर ब्रेशे (१७८४–१८४५) या फ्रेंच शारीरज्ञाच्या कामात स्पष्ट होते. कण्याच्या नीलांवरील त्याचा प्रबंध १८१९ चा आहे. नीलासंस्थेवरील मोठा सचित्र ग्रंथ त्यानंतर, साधारण १८२८ ते १८३२ या काळात, भागाभागाने निघाला. ब्रेशेची चित्रे इतकी तपशीलवार आहेत की जालाच्या रचनेत नंतरच्या संशोधकांनी मूलभूत भर घातली असे म्हणणे कठीण आहे. तरीही हे काम शंभर वर्षे जवळजवळ दुर्लक्षित राहिले. मृतदेहात रिकाम्या व चपट्या झालेल्या या पातळ भिंतींच्या नीला साध्या विच्छेदनात दिसत नाहीत, हे त्याचे एक व्यावहारिक कारण असावे.

ऑस्कर बॅटसन (१८९४–१९७९) या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील शारीरज्ञाने १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वेगळा प्रश्न विचारला: प्रोस्टेटचा कर्करोग फुप्फुसे टाळून कण्यात कसा जातो? त्याने मृतदेहांत शिश्नाच्या पृष्ठनीलेत क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव्य सोडले. द्रव्य दाट असले तर ते प्रोस्टेटभोवतीच्या नीलांतून महानीलेकडे जाई. पातळ असले तर त्रिकास्थी, कटिकशेरुके आणि त्यांच्याही वर चढे. स्तनावरील नीलेत सोडलेले द्रव्यही कण्याच्या नीलांत उतरले. बेशुद्ध केलेल्या जिवंत माकडात पोटावर दाब दिल्यावर द्रव्य महानीला सोडून कशेरुकी नीलांत वळले. खोकणे, कुंथणे, जड उचलणे यांसारख्या क्षणी माणसातही हेच घडत असावे, असा निष्कर्ष त्याने काढला. १९५७ च्या लेखात त्याने फुप्फुसी, महानीला व यकृतद्वार या संस्थांच्या जोडीला ही चौथी नीलासंस्था मानावी असे मांडले.

रचनेचे श्रेय ब्रेशेला आणि कार्य व रोगप्रसाराशी लावलेल्या संबंधाचे श्रेय बॅटसनला, ही विभागणी अधिक न्याय्य दिसते. नाव मात्र बॅटसनचेच रूढ झाले आहे. २००६ मध्ये टोबिनिक व व्हेगा यांनी मेंदूच्या व कण्याच्या नीला एकच संस्था मानून तिला ‘मस्तिष्क-मेरु नीलासंस्था’ असे नाव सुचवले.

प्रवाह

जालातील प्रवाहाची दिशा ठरलेली नसते. छाती, पोट व कवटी यांतील दाबांच्या फरकानुसार ती बदलते. आडवे असताना मेंदूचे रक्त मुख्यतः मानेतील ग्रीवानीलांतून परतते. उभे राहिल्यावर ग्रीवानीला चपट्या होतात आणि कशेरुकी नीलांचा वाटा वाढतो. वाल्डुएसा व सहकाऱ्यांनी २००० मध्ये ध्वनिलहरींच्या साह्याने हे निरोगी माणसांत दाखवले. यातला महत्त्वाचा मुद्दा असा की उभ्या स्थितीतील नेहमीचा प्रवाह मेंदूकडून कण्याकडे, म्हणजे खाली जाणारा आहे. वर जाणारा प्रवाह अपवादात्मक व क्षणिक असतो.

पचनसंस्थेचे कर्करोग व मेंदू

आतड्याच्या कर्करोगाचा रक्तामार्गे प्रसार बहुधा पायरीपायरीने होतो. बृहदांत्राचे व मलाशयाच्या वरच्या भागाचे रक्त यकृतात जाते, म्हणून पहिले प्रक्षेप (मूळ गाठीपासून दूर रुजलेल्या गाठी) तेथे दिसतात. मलाशयाच्या मधल्या व खालच्या भागाचे रक्त अंतर्गत श्रोणिनीलेतून थेट महानीलेत जात असल्याने खालच्या मलाशयाचा कर्करोग यकृत टाळून फुप्फुसात जाण्याचे प्रमाण अधिक असते. अंतर्गत श्रोणिनीलेलाच त्रिकनीला मिळतात, त्यामुळे कशेरुकी जालाचा फाटाही येथेच फुटतो. मेंदूतील प्रक्षेप या कर्करोगांत विरळ असतात. बृहदांत्र-मलाशयाच्या रुग्णांत ते सुमारे १ ते ३ टक्के दिले जाते.

सर्व कर्करोग एकत्र घेतले तर मेंदूतील प्रक्षेपांपैकी सुमारे ८० टक्के प्रमस्तिष्कात (मेंदूच्या वरच्या मोठ्या भागात), १५ टक्के निमस्तिष्कात व ५ टक्के मस्तिष्कस्तंभात आढळतात. ही वाटणी साधारण रक्तपुरवठ्याच्या प्रमाणात आहे. डेलात्र व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये २८८ रुग्णांच्या सीटी चित्रांवरून दाखवले, की मेंदूत एकच प्रक्षेप असलेल्या रुग्णांत मूळ गाठ श्रोणीत किंवा पचनसंस्थेत असेल तर सुमारे निम्म्यांत तो पश्च कपालखातात होता. इतर मूळ गाठींत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. बॅटसनचे स्पष्टीकरण येथे चपखल बसते असे वाटते, पण त्यात तीन अडचणी आहेत.

पहिली शारीररचनेची. जाल मेंदूबाहेरच्या नीलाविवरांपर्यंत पोचते. मेंदूच्या ऊतीपर्यंत नव्हे. विवरातील पेशीला निमस्तिष्कात रुजायचे तर तेथून बाहेर येणाऱ्या बारीक नीलांत प्रवाहाविरुद्ध शिरावे लागेल. कशेरुकात किंवा दृढतानिकेत रुजण्यासाठी ही अडचण नाही. म्हणून हाडातील प्रसारासाठी जालाची बाजू मेंदूतील प्रसारापेक्षा पुष्कळ बळकट आहे. दुसरी अडचण सोबतच्या प्रक्षेपांची: पेशी कण्यातून वर गेल्या असतील तर अशा रुग्णांत कशेरुके व कवटीतील प्रक्षेपही जास्त दिसायला हवेत. तसे ठळकपणे दिसत नाही. मेंदूत प्रक्षेप असलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या बऱ्याच रुग्णांत फुप्फुसातील प्रक्षेप मात्र आधीच असतात. तिसरी अडचण जागेची: मेंदूतील प्रक्षेप करड्या व पांढऱ्या द्रव्याच्या सीमेवर आणि दोन रोहिणींच्या (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्यांच्या) क्षेत्रांमधील पट्ट्यांत अधिक असतात. रोहिणीतून आलेले कण अडकण्याच्या याच जागा आहेत.

कण्याबाबतचा पुरावा वेगळा आहे. कोमन व डीलाँग यांनी १९५१ मध्ये उंदीर व सशांच्या मांडीच्या नीलेत अर्बुदपेशी सोडल्या. पोटावर दाब दिलेल्या प्राण्यांत गाठी कशेरुकांत रुजल्या. बुबेनडॉर्फ व सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रोस्टेट कर्करोगाच्या १,५८९ शवविच्छेदनांत कण्यातील व फुप्फुसातील प्रक्षेपांचे व्यस्त प्रमाण नोंदवले. ते जालमार्गाला अनुकूल आहे.

स्टीफन पेजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ मध्ये मांडलेला ‘बीज व भूमी’ सिद्धांत हा जालमार्ग व रोहिणीमार्ग यांच्या जोडीला तिसरा पक्ष. पेशी सगळीकडे पोचतात, रुजतात मात्र अनुकूल ऊतीत, असे तो सांगतो. निमस्तिष्काची ऊती आतड्याच्या पेशींना अधिक अनुकूल असावी, या शक्यतेचा पाठपुरावा अलीकडे रेणवीय अभ्यासांतून होतो. सध्याच्या पुराव्यानुसार फुप्फुसामार्गे रोहिणीतून प्रवास आणि नंतर ऊतीची निवड, हा क्रम बहुसंख्य रुग्णांना अधिक लागू पडतो. जालमार्ग थोड्या रुग्णांत शक्य मानावा लागतो.

अभ्यासांतील त्रुटी

या विषयावरील बहुतेक अभ्यास जुन्या रुग्णनोंदींवर आधारलेले आहेत आणि त्यांचे आकडे थेट एकमेकांशी ताडता येत नाहीत. काही रुग्ण मोजतात, काही गाठी. एकाच रुग्णातील दहा गाठी दहा स्वतंत्र घटना धरल्या तर निष्कर्ष फुगतो. निमस्तिष्काचा वाटा मेंदूच्या आकारमानाच्या सुमारे दहाव्या भागाइतका आहे. अपेक्षित प्रमाण म्हणून हा आकडा घ्यायचा की रक्तप्रवाहाचा, हे आधी ठरवावे लागते.

निवडीतील पूर्वग्रह याहून गंभीर आहे. आतड्याच्या कर्करोगात लक्षणांशिवाय मेंदूचे चित्रण नेहमी केले जात नाही. पश्च कपालखात अरुंद असल्याने तेथील लहान गाठही चौथे विवर (मेंदूतील द्रवाने भरलेली पोकळी) दाबून मस्तिष्कजल अडवते; डोकेदुखी, उलटी, तोल जाणे लवकर सुरू होते आणि गाठ सापडते. प्रमस्तिष्काच्या शांत भागातील तेवढीच गाठ नोंदीत येत नाही. उलट, जुन्या सीटीत कवटीच्या जाड हाडांमुळे पश्चखातात पट्टे उमटत आणि तेथील बारीक गाठी सुटत. कॉन्ट्रास्टसह एमआरआयने ही उणीव बरीच भरून काढली.

‘फुप्फुसात प्रक्षेप नाही’ हा शेराही जपून वाचावा. सीटीत न दिसणारे सूक्ष्म प्रक्षेप असू शकतात. शिवाय सुमारे एक चतुर्थांश प्रौढांत हृदयाच्या दोन कर्णिकांमधील अंडाकृती छिद्र पूर्ण मिटलेले नसते. कुंथताना पेशी त्यातून फुप्फुस टाळून थेट रोहिण्यांत जाऊ शकतात. फुप्फुस टाळण्याचे श्रेय जालाला देण्यापूर्वी ही वाट तपासलेली असणे आवश्यक आहे, आणि ती क्वचितच तपासली जाते.

उपचारांतील इतर महत्त्व

कण्याच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला पालथे झोपवताना पोट मोकळे लोंबते ठेवतात. पोटावर दाब आला तर महानीलेतील रक्त जालात वळते, एपिड्यूरल नीला फुगतात आणि रक्तस्राव वाढतो. रेल्टन व हॉल यांनी १९६७ मध्ये सुचवलेली चार आधारांची चौकट याच हेतूने वापरली जाते.

गरोदरपणात वाढलेले गर्भाशय महानीला दाबते व जाल फुगते, म्हणून एपिड्यूरल नळी (प्रसूतीत बधिरीकरणाचे औषध देण्याची) नीलेत शिरण्याचा धोका वाढतो. नळीतून ओढून पाहून रक्त आले नाही एवढे पुरेसे नसते. पातळ भिंत नळीच्या तोंडाशी चिकटून बसू शकते. त्यासाठी १५ मायक्रोग्रॅम अ‍ॅड्रेनलिन मिसळलेली चाचणी-मात्रा देतात. मिनिटभरात नाडी २० किंवा अधिक ठोक्यांनी वाढली तर नळी नीलेत आहे असे समजतात. प्रसूतिकळेत नाडी एरवीही वाढते, म्हणून मात्रा दोन कळांच्या मध्ये द्यावी. बीटारोधक (नाडी मंद ठेवणारी) औषधे घेणाऱ्यांत नाडी वाढेलच असे नाही.

मोडलेल्या कशेरुकात सिमेंट भरताना ते गाभ्यातील नीलेतून मागे कण्याच्या पोकळीत किंवा कटिनीला व अ‍ॅझायगस नीलांतून फुप्फुसात जाऊ शकते. सिमेंट टूथपेस्टइतके घट्ट झाल्यावरच, सतत क्ष-किरणांखाली पाहत, थोडे थोडे भरतात. कशेरुकाच्या मागच्या कडेकडे ते सरकताना दिसले की भरणे लगेच थांबवतात.