कॉमिक रिलीफ वेगळा, ट्रॅजिकॉमेडी वेगळी

गंभीर नाटकात मधेच हशा पिकला की लोक लगेच म्हणतात "कॉमिक रिलीफ होता", आणि अख्खं नाटक हसू-रडूचं असलं तरी शब्द तोच. मला हे फार खटकतं. दिसायला दोन्ही सारखे असले तरी प्रेक्षकावर त्यांचा परिणाम अगदी वेगळा होतो, आणि हा फरक कळला नाही की शोकांतिकेत विनोद हवाच कशाला ह्याचं उत्तरही चुकतं.

कॉमिक रिलीफ म्हणजे विसावा. ताण चढत जातो, प्रेक्षक दमतो, मग एखादा नोकर येऊन दोन मिनिटं हसवून जातो आणि गोष्ट पुढे सरकते. हसू अलीकडे, दुःख पलीकडे, मधे भिंत. तो प्रवेश काढला तरी नाटक उभं राहतं, जरा जड होईल एवढंच. ट्रॅजिकॉमेडीत ती भिंतच नसते, ज्याला आपण हसतोय तेच आतून पोखरत असतं, त्यामुळे विनोद काढला की दुःखही हातचं जातं.

रशियन नाटककार चेखवचं 'द चेरी ऑर्चर्ड' घ्या, १९०४ चं, कर्जात बुडालेल्या जमीनदार घराण्याची चेरीची बाग हातची जाते त्याची गोष्ट. तिसऱ्या अंकात तिकडे बागेचा लिलाव आणि इकडे घरात नाच चाललाय, मालकिणीची मानलेली मुलगी वार्या चिडून एपिखोदोव ह्या कारकुनावर काठी उगारते आणि ती बसते नेमकी दारातून आत येणाऱ्या लोपाखिन ह्या व्यापाऱ्याला. लोक हसतात, तोही आभार मानतो. आणि थोड्याच वेळात कळतं की बाग ह्यानेच घेतलीय, जिथे त्याचे बाप-आजा गुलाम होते, स्वयंपाकघरातसुद्धा त्यांना पाऊल टाकू देत नव्हते! वार्याचं लग्न ह्याच्याशीच होईल असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं, तेही होत नाही. आता ह्यात हसू कुठे संपलं आणि दुःख कुठे सुरू झालं ते सांगा. चेखव ह्याला कॉमेडी म्हणत होता, ते पहिल्यांदा बसवणाऱ्या दिग्दर्शक स्टानिस्लावस्कीला ती ट्रॅजेडी वाटली, आणि मला वाटतं दोघंही बरोबर होते.

गंमत म्हणजे रिलीफचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरणही मला रिलीफ वाटत नाही. शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये मॅकबेथने राजाचा खून केलाय, त्याचे हात रक्ताने माखलेत आणि दारावर थापा पडायला लागतात. मग दारूच्या नशेतला द्वारपाल येतो, आपण नरकाच्या दारावर बसलोय असं धरून एकेका पाप्याला आत घेत बसतो आणि दार काही उघडत नाही. आपण हसतो, पण थापा चालूच असतात, दार उघडलं की खून बाहेर पडणार हे आपल्याला माहीत असतं, आणि तो ज्याला गमतीत नरक म्हणतोय ते घर आता खरोखरच नरक झालेलं असतं. ताण सुटत नाही, उलट लांबतो. जर्मन नाटककार शिलरने १८०० साली जर्मनमध्ये हे नाटक केलं तेव्हा ह्या दारुड्याच्या जागी सकाळचं भक्तिगीत गाणारा द्वारपाल आणला. प्रवेश सोज्वळ झाला, पण त्यातली भीती गेली.

हसू-रडूची ही मिसळ नाटकाच्या नियमाबाहेरची म्हणून शेक्सपिअरवर टीका व्हायची तेव्हा इंग्रज समीक्षक सॅम्युअल जॉन्सनने १७६५ मध्ये त्याची बाजू घेतली होती, की जगच असं आहे, कुणी दारू प्यायला घाईने निघालेला असतो तेव्हाच दुसरा कुणी मित्राला पुरत असतो. पटतं, पण अर्धंच. इथे अजून दोन वेगळी माणसं आहेत, एक हसणारा आणि एक रडणारा. मला जास्त खरं वाटतं ते एकाच माणसाचं एकाच क्षणी हास्यास्पदही होणं आणि उद्ध्वस्तही होणं.

तालमीत हा फरक लगेच कळतो. रिलीफचा नट प्रेक्षकाकडे बघून हशा वसूल करू शकतो, चालतं. ट्रॅजिकॉमेडीत पात्राला आपण विनोदी आहोत हे ठाऊकच नसतं. वार्या करणारी नटी खरी चिडलेली हवी, काठी लोपाखिनला खरी लागल्यासारखी वाटायला हवी, तरच पुढचं त्याचं "मी घेतली" अंगावर येतं.