स्पीकर नवा, दार जुनं

गाडीच्या दारातले कंपनीचे स्पीकर काढून नवी, महागाची जोडी बसवली आणि बेस होता त्याहून कमी झाला. ठाण्यातल्या कुठल्याही अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, की ही तक्रार घेऊन आलेलं एखादं तरी गिऱ्हाईक भेटतं. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: ‘साहेब, नवे आहेत, आठवडाभर वाजू द्या, मोकळे होतील.’ नव्या स्पीकरचा कोन, म्हणजे पुढची हलणारी वाटी, सुरुवातीला जरा ताठ असतो हे खरं, पण त्यानं पडणारा फरक किरकोळ. बेस गायब होण्याचं कारण बहुतेक वेळा स्पीकरमध्ये नसतंच. ते दारात असतं, नाहीतर दोन वायरींच्या अदलाबदलीत.

आजच्या स्पीकरची रचना जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली. तत्त्व अजून तेच आहे. मॅग्नेटच्या फटीत तारेची कॉइल, कॉइलला चिकटलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा कोन. प्रवाह एका दिशेनं गेला की कोन बाहेर येतो, उलटा गेला की आत जातो. कोन बाहेर आला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे एकच स्पीकर दोन आवाज काढत असतो: पुढून एक, मागून नेमका त्याच्या उलटा. हे दोन्ही एकत्र आले की एकमेकांना खाऊन टाकतात.

नवा स्पीकर दारात लावण्याआधी हातात धरून स्टिरिओला जोडून बघा. ट्वीटर (उंच, बारीक सुरांचा छोटा स्पीकर) खणखणीत वाजतो, पण ढोलकीचा धुम कुठेच नाही. ६० हर्ट्‌झच्या (सेकंदाला ६० कंपनं) बेसच्या लाटेची लांबी जवळपास पावणेसहा मीटर असते. साडेसोळा सेंटीमीटर व्यासाच्या स्पीकरला वळसा घालून मागे जाणं तिला काहीच अवघड नाही. भरल्या बादलीत हात सावकाश पुढेमागे केला तर पाणी बोटांच्या कडेनं घरंगळून मागे जातं, लाट काही उठत नाही, तसंच हे. ३००० हर्ट्‌झची लाट मात्र जेमतेम साडेअकरा सेंटीमीटरची. ती वळत बसत नाही, समोर निघून जाते. म्हणून ट्रेबल वाचतो आणि बेस मरतो.

पुढची आणि मागची हवा वेगळी ठेवणारा पडदा म्हणजे दाराचा आतला पत्रा. स्पीकर विकत घेताना आपण अर्धाच स्पीकर घेतो. उरलेला अर्धा दाराच्या रूपानं गाडीत आधीच असतो. आणि या अर्ध्याला भोकंच भोकं असतात. काच वर-खाली करणारी यंत्रणा, लॉकच्या सळ्या, हे सगळं बसवायला आणि दुरुस्त करायला हात आत जावा म्हणून कारखान्यातच ठेवलेली. त्यांच्यावर काळ्या चिकट पट्टीनं एक प्लॅस्टिकचा कागद लावलेला असतो. घाईतला मिस्त्री डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढतो, कागद टरकन फाडतो, स्पीकर बसवतो आणि फाटका कागद तसाच लोंबत ठेवून पॅड ठोकून देतो. मागचा आवाज त्या भोकांतून सरळ पॅडमागे येतो आणि पुढच्याला गाठतो.

हा कागद खरं तर आवाजासाठी नसतोच, पाण्यासाठी असतो. काचेच्या बाहेरच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच, उतरावं अशीच रचना असते. ते आतल्या आत ओघळून दाराच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर पडतं. कागद फाटला की तेच पाणी पॅडवरून पायपुशीवर. जूनमध्ये गाडीत ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला, आणि मार्च-एप्रिलमध्ये स्पीकर बदलले असतील, तर आधी दार उघडून बघा. भोकं बुजवायला डॅम्पिंगची ब्यूटाइल शीट मिळते, एका बाजूला अ‍ॅल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला डांबरासारखा चिकट थर. ती पत्र्याचं थरथरणंही कमी करते, त्यामुळे पैसे वसूल. फक्त उत्साहाच्या भरात तळाची छिद्रं बुजवू नका. ती बुजली तर दार आतून सडतं, आणि ठाण्या-मुंबईच्या पावसात सडायला फार वेळ लागत नाही.

दुसरा संशयित म्हणजे प्लस-मायनस. डाव्या दाराच्या वायरी बरोबर आणि उजव्याच्या उलट्या लागल्या, तर डावा कोन बाहेर येतो तेव्हा उजवा आत जातो. गाण्यातला बेस बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो, त्यामुळे मधोमध तो वजा होतो. गायकाचा आवाजही डॅशबोर्डच्या मधून यायचा तो कुठूनच आल्यासारखा वाटत नाही. तपासायला पॅड काढायची गरज नाही. आवाज फक्त पुढच्या दोन दारांवर घ्या, बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, मग पूर्ण उजवीकडे, मग मध्ये आणा. मध्ये आणल्यावर बेस वाढायला हवा. एकट्या बाजूपेक्षा तो कमी झाला, तर एका दाराच्या वायरी उलट्या आहेत. दोन्ही दारांच्या उलट्या असतील तर गंमत म्हणजे फारसं काही बिघडत नाही. दोघं निदान एकत्र तरी हलतात.

रंगांवर मात्र विसंबू नका. बाजारात मिळणाऱ्या स्टिरिओच्या मागे एक रूढ पद्धत आहे: पुढच्या डाव्याला पांढरी वायर, पुढच्या उजव्याला करडी, मागच्या डाव्याला हिरवी, मागच्या उजव्याला जांभळी, आणि त्याच रंगावर काळी पट्टी असेल ती मायनस. दाराच्या आतले रंग गाडीची कंपनी आपल्या मर्जीनं ठरवते. म्हणून जुना स्पीकर काढताना कपलरची (वायरी जोडणाऱ्या खटक्याची) कुठली वायर त्याच्या कुठल्या टोकाला जात होती याचा फोनवर फोटो काढून ठेवा. मग तो जुना स्पीकर मोकळा करून त्याच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. ‘टक्’ असा आवाज येतो आणि कोन हलतो. तो बाहेर आला, तर सेलचा प्लस ज्या टोकाला होता ते टोक प्लस. तिथे येणारी वायर नव्या स्पीकरच्या प्लसला जाते. यासाठी ना मीटर लागतो ना अ‍ॅप.

आता ज्यांचा बेस शाबूत आहे पण एकूण आवाजच दबला आहे त्यांच्याबद्दल. स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट, ४ चॅनल’ असं ठळक छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या विद्युत विरोधानं, म्हणजे ४ ओहमनं, भागलं की ५२ वॅट येतात, आणि छापलेला आकडा तिथून येतो. पण हे झालं आवाज पार फाटल्यावरचं गणित. स्वच्छ सुरासाठी हिशेब निम्म्यावर, म्हणजे २६ वॅटवर येतो, आणि स्टिरिओच्या आतला तोटा वजा केला की हातात वीसेक वॅट पडतात. कंपनीच्या स्पीकरचा कागदी कोन हलका असतो, थोडक्या विजेवर भरपूर वाजेल असा. नव्या ‘दणकट’ स्पीकरचा कोन आणि कॉइल जड असतात, त्यांना वेगळा अ‍ॅम्प्लिफायर गृहीत धरलेला असतो. म्हणून खोक्यावर वॅट बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा: एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. ८७ आणि ९२ हे आकडे दिसायला शेजारी-शेजारी आहेत, पण तेवढाच आवाज काढायला ८७ वाल्याला तिपटीहून जास्त वीज लागते. दुकानदार हा आकडा आपणहून सांगत नाही. विचारा.

ओहमचंही तसंच. चार ओहमच्या स्पीकरची दोन टोकं मल्टिमीटरनं मोजली तर साडेतीनच्या आसपास आकडा येतो, तो दोष नव्हे. पण काही गाड्यांतली वरच्या मॉडेलची साउंड सिस्टिम २ ओहमवर चालते. तिथे ४ ओहमचा लावला तर वीज निम्मी होते आणि आवाज पडतो. उलट प्रकार, म्हणजे ४ ओहमच्या स्टिरिओला २ ओहमचा स्पीकर, जास्त वाईट. प्रवाह दुप्पट होतो आणि स्टिरिओ तापतो.

समोरच्या काचेशेजारच्या खांबाजवळ वेगळा ट्वीटर असेल, तर तो दारातल्या स्पीकरच्याच वायरीवर एका कपॅसिटरमागून जोडलेला असू शकतो. कपॅसिटर बेस अडवतो. ४ ओहमवर ४.७ मायक्रोफॅरडचा असेल तर साधारण साडेआठ हजार हर्ट्‌झच्या खालचं हळूहळू गाळलं जातं. तो न लावता नवा ट्वीटर जोडला की पहिल्याच दणकेबाज गाण्यात कॉइल जळते. आणि दारात ट्वीटरसकटचा कोअ‍ॅक्सियल बसवून खांबावरचाही चालू ठेवला, तर दोन ट्वीटर मिळून कान किटवतात.

चारही स्पीकर एकदम मुके झाले तर स्टिरिओ जळला असं समजून नवा घेऊ नका. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींमध्ये सिग्नल असतो, त्यातली एकही बॉडीला अर्थ केलेली नसते. नवा स्क्रू मारताना वायर सोलली आणि पत्र्याला टेकली की आतली संरक्षणाची सर्किट आवाज बंद करते. वायर सोडवली, टेप लावली, की गाणं बहुधा परत येतं. एकाच दाराचा आवाज दार उघडल्यावर येत आणि लावल्यावर जात असेल, तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर तुटत आली आहे. खाडीकाठच्या दमट हवेत, वाशी-नेरूळकडे विशेषतः, नुसत्या पिळून टेप मारलेल्या जोडांवर हिरवा थर चढतो. सोल्डर करा आणि वर श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) घाला. दाराच्या आत पिवळ्या वेष्टणाचा कपलर दिसला तर हात मागे घ्या; तो एअरबॅगच्या वायरिंगचा असतो.

स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली करून बघावी. मॅग्नेट खोल असेल तर काच त्याच्यावर टेकते, आणि पॉवर विंडो असली तर मोटर ती रेटत राहते. मध्ये रिंग घालायची झाली तर एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या फळीची) नको. कितीही रंगवा, दुसऱ्या पावसाळ्यात ती पावासारखी फुगते. प्लॅस्टिकची घ्या.

खडखड शोधायला घोडबंदर रोडवर गाडी फिरवण्यात अर्थ नाही, तिथे सगळीच गाडी खडखडते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, इंजिन बंद करून, स्टिरिओला जोडलेल्या फोनवर टोन जनरेटर (हव्या त्या फ्रीक्वेन्सीचा एकच सूर वाजवणारं अ‍ॅप) लावा आणि ४० हर्ट्‌झपासून हळूहळू २०० पर्यंत चढा. प्रत्येक सैल वस्तूची थरथरण्याची आपली एक फ्रीक्वेन्सी असते. ती आली की तेवढीच वस्तू बोलते. दुसऱ्या कुणाला तरी पॅडवर जागोजागी हात दाबायला सांगा. बऱ्याचदा दोषी निघते ती लॉकची सळी, पत्र्यावर आपटणारी वायरींची जुडी, नाहीतर पॅड काढताना तुटलेली क्लिप. सळीला फोम टेप गुंडाळायची आणि क्लिप नवीच घालायची, जुनी फेव्हिक्विकनं चिकटवायची नाही, कारण पुढच्या वेळी पॅड काढताना तिच्यासोबत पॅडचा तुकडाही निघून येतो.